डोंगरातील जंगलात एक दिवसाची सोपी गोल वाट : माथेरानचा बेत कसा वाटतो?

रानवाटसरू (धागाकर्ता) :

सर्वांना नमस्कार.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतील चौदा-पंधरा मंडळींची एक दिवसाची पायी सहल आखण्याचे काम माझ्या गळ्यात पडले आहे. त्यांत नऊ-दहा वर्षांची दोन मुले आहेत, सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आहेत आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांचा व्यायाम स्थानकावरचा पूल चढण्यापुरता मर्यादित आहे. डोंगर असावा, दाट झाडी असावी, दोर किंवा शिड्या नसाव्यात, रात्रीच्या जेवणाला घरी पोहोचता यावे आणि गेलेल्याच वाटेने परतावे लागू नये, अशा सर्वांनी मिळून घातलेल्या अटी आहेत.

मी माथेरान निवडले आहे. नेरळहून टॅक्सीने, जेथे वाहने थांबतात तो दस्तुरी नाका गाठायचा, तेथून चालत बाजारात यायचे, पूर्वेच्या कड्याने अलेक्झांडर आणि रामबाग पॉइंट करीत दक्षिण टोकाच्या चौक पॉइंटला वळसा घालायचा, मग पश्चिमेच्या कड्याने वन ट्री हिल, लॉर्ड्स पॉइंट, शार्लोट तलाव, एको पॉइंट आणि लुईझा पॉइंट करीत पुन्हा बाजारात येऊन दस्तुरीला परतायचे, असा बेत आहे. नकाशावर मोजले तर हे अंतर चौदा-पंधरा किलोमीटरच्या आसपास भरते.

ही वाट अशा गटासाठी खरोखर सोपी म्हणता येईल का, ती आधी पूर्वेकडून धरावी की पश्चिमेकडून, आणि किती वेळ हाताशी ठेवावा, एवढेच मला विचारायचे आहे. माहितगारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सह्यकडा :

माथेरान म्हणजे घोडे, चिक्की आणि चपलांची दुकाने. जंगलच पाहायचे असेल तर भीमाशंकरला जावे. खांडसहून शिडी घाटाने चढावे आणि गणेश घाटाने उतरावे म्हणजे गोल वाटही होते, आणि जे जंगल मिळते त्याची सर माथेरानला येणार नाही.

कर्जतकर :

सह्यकडा यांच्या आवडीबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो की धागाकर्त्याने "शिड्या नसाव्यात" असे स्वच्छ लिहिले आहे आणि तुम्ही त्यांना ज्या घाटाच्या नावातच शिडी आहे तो सुचवला आहे. शिडी घाटात लोखंडी शिड्या आणि उघड्या खडकाचे टप्पे आहेत. गणेश घाट त्या मानाने सरळ असला तरी लांब आहे, आणि खांडसपासून माथ्यापर्यंत सात-आठशे मीटर चढून पुन्हा तेवढेच उतरायचे म्हणजे सवय नसलेल्या माणसाचा पूर्ण दिवस जातो. भीमाशंकरचे जंगल अधिक समृद्ध आहे, यात वाद नाही. पण येथे प्रश्न जंगलाच्या श्रेष्ठत्वाचा नसून पंधरा माणसांच्या पायांचा आहे.

माथेरानचा खरा फायदा असा की समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंची गाठण्याचे कष्ट टॅक्सी घेते आणि तुमचे चालणे माथ्यावरच्या पठारावर सुरू होते. चढ-उतार आहेत, पण ते लहान आहेत.

पुणेरी पाऊल :

ताम्हिणीच्या बाजूचे अंधारबन सुचवावेसे वाटते. वाटेचा मोठा भाग सावलीतून जातो आणि उतार सौम्य आहे.

कर्जतकर :

अंधारबन सुंदर आहे, परंतु ते पिंपरीहून भिऱ्याकडे उतरत जाणारे एकमार्गी चालणे आहे. वाहन एका टोकाला आणि माणसे दुसऱ्या टोकाला, अशी स्थिती होते. हिर्डी गावापर्यंत जाऊन परत फिरले तर गेलेल्याच वाटेने यावे लागते, म्हणजे धागाकर्त्याची मुख्य अटच मोडते.

अस्सल आळशी :

गोल वाट म्हणजे जेथून निघालो तेथेच परत यायचे. मी घरातून न निघताही हाच परिणाम साधतो, आणि टॅक्सीचे भाडेही वाचते.

नकाशेवाला :

धागाकर्त्याच्या तिन्ही प्रश्नांना हात घालतो. प्रतिसाद लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा असावी.

प्रथम वेळेविषयी. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशेब मांडला होता आणि तो आजही जगभर वापरला जातो : दर तीन मैलांना, म्हणजे ढोबळमानाने पाच किलोमीटरना, एक तास धरावा आणि दर दोन हजार फूट चढाईसाठी आणखी एक तास मिळवावा. तुमच्या पंधरा किलोमीटरना तीन तास आणि वाटेतल्या लहानमोठ्या चढांना मिळून अर्धा तास, असे साडेतीन तास होतात. मात्र हा हिशेब न थांबता चालणाऱ्या सशक्त माणसाचा आहे. लहान मुले, छायाचित्रे, डबे, माकडांशी होणारे वाद आणि "थोडे बसू या" हे सर्व मिळवून तो सरळ दुप्पट करावा, म्हणजे सात तास. सकाळी नऊला दस्तुरी सोडली तर दुपारी चारला परत. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दोन तास शिल्लक राहतात. ही शिल्लक खर्च करण्यासाठी आहे असे कोणी समजू नये. ती अडचणीसाठी राखून ठेवायची असते.

आता सोपेपणाविषयी. गोल वाटेचा दोष असा की अर्ध्या अंतरावर पोहोचल्यावर मागे फिरणे आणि पुढे जाणे सारखेच लांब होते. सरळ जाऊन परत येण्याच्या वाटेवर माणूस कोठेही थकला तरी किती चालायचे उरले आहे हे त्याला ठाऊक असते, आणि तो हवे तेव्हा मागे वळू शकतो. म्हणून गोल वाट आखताना एकूण किलोमीटर नंतर पाहावेत; तिला मधूनच सोडून देण्याच्या जागा किती आणि कोठे आहेत, हे आधी पाहावे. या कसोटीवर माथेरान फार चांगले उतरते. कड्यावरच्या बहुतेक पॉइंटपासून एखादी आतली वाट बाजाराकडे जाते. रामबागपाशी कोणी दमले तर ऑलिंपिया रेसकोर्सच्या बाजूने मधला भाग ओलांडून सरळ शार्लोट तलाव गाठता येतो आणि संपूर्ण दक्षिण टोक गाळता येते. तलावापासून बाजार जवळच आहे, आणि बाजारातून दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकापर्यंत रेल्वेची शटल सेवा असते. एवढ्या सुटकेच्या वाटा सह्याद्रीत दुसऱ्या कोणत्याही जंगलात एकत्र मिळणे कठीण आहे.

तिसरा प्रश्न दिशेचा. माझे मत आधी पूर्वेकडून. कारण नंतर लिहीन, पण त्याआधी इतरांचे मत वाचायला आवडेल.

रानवाटसरू :

नकाशेवाला, मनापासून आभार. सोडून देण्याच्या जागा आधी शोधाव्यात, हा विचार माझ्या डोक्यात अजिबात आला नव्हता. नकाशा कोणता घ्यावा, तेही सांगावे.

नकाशेवाला :

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा चढ-उतार समजण्यासाठी उपयोगी पडतो. त्यावर दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर आणि लगतच्या दोन समोच्च (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) रेषांमध्ये २० मीटरचा फरक असतो. माथेरानच्या माथ्यावर या रेषा विरळ आणि कडेला एकमेकींना चिकटलेल्या दिसतात, त्यावरून मुलांना कोठे हाताशी धरायचे तेही कळते. मात्र पायवाटांचे बारकावे त्यात मिळणार नाहीत. त्यासाठी ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेले एखादे अॅप घेऊन तो भाग घरीच उतरवून ठेवावा, कारण आतल्या घळींत मोबाइलला संपर्क मिळेलच असे नाही.

ढगाआड :

मी पश्चिमेकडून सुरुवात करण्याच्या बाजूने आहे. सकाळी शार्लोट तलावावर गर्दी नसते, पिसारनाथाच्या मंदिरात शांतपणे दर्शन होते आणि एको पॉइंटवर ओरडणारे पर्यटक अजून न्याहारीच करीत असतात. सकाळी अकरानंतर याच जागा पाहण्यात काही अर्थ राहत नाही.

पाखरवेडी :

ढगाआड यांचे गर्दीविषयीचे म्हणणे खरे आहे, पण झाडे आणि प्राणी पाहायचे असतील तर सकाळचा वेळ रामबाग-चौक पॉइंटच्या बाजूला घालवावा. दक्षिणेकडच्या या भागात दुकाने तुरळक आहेत आणि वर्दळ कमी असते. जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा यांची झाडे येथे एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की डिसेंबरच्या दुपारीही वाटेवर बहुतांश सावलीच असते. मान वर करून चालले तर शेकरूची काटक्या-पानांची गोल घरटी फांद्यांच्या टोकांकडे दिसतात. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधते, त्यामुळे घरटे दिसले म्हणजे प्राणी आत असेलच असे नाही. मुलांना आधी त्याचा खणखणीत आवाज ओळखायला शिकवावे. एकदा आवाज कळला की दर्शन सोपे होते.

दस्तुरीच्या पुढे मोटारींना बंदी आहे आणि माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, म्हणूनच हे शक्य होते. सह्यकडा यांना चिक्कीच्या दुकानांमागचे हे जंगल दिसले नसेल, तर त्यांनी बाजारातून फक्त अर्धा तास दक्षिणेकडे चालून पाहावे.

सह्यकडा :

शेकरू भीमाशंकरलाही आहे. भीमाशंकर अभयारण्य तर त्याच्यासाठीच ओळखले जाते. एवढे नोंदवून मी थांबतो.

इतिहासप्रेमी :

माथेरानची लिखित नोंद असलेली पहिली सफरच मुळी गोल वाटेची होती. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याचा मुक्काम मे १८५० मध्ये पायथ्याच्या चौक गावी होता. तो आज वन ट्री हिल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाजूने चढून माथ्यावर गेला आणि रामबागच्या बाजूने उतरला. धागाकर्त्याच्या वाटेवर ही दोन्ही ठिकाणे आहेत. त्यांनी मॅलेटच्या उलट दिशेने जायचे ठरवले आहे, इतकेच.

ठाकूरवाडीचा शेजारी :

मॅलेटला चौकहून वर नेणारा एक स्थानिक वाटाड्या होता, हेही त्याच नोंदीत येते. धनगर, ठाकूर आणि कातकरी या वाटांनी त्याच्या आधीपासून ये-जा करीत होते, आणि खालच्या वाड्यांतील माणसे आजही कामासाठी आणि माल विकण्यासाठी याच घळींतून वर येतात. रामबागपाशी डोक्यावर ओझे घेऊन येणारी एखादी बाई भेटली तर तिला आधी वाट द्यावी. आपण फिरायला आलेलो असतो.

इतिहासप्रेमी :

पूर्ण मान्य. माथेरानचे आणखी एक नाव येथे घ्यायला हवे. हुतात्मा भाई कोतवाल यांचा जन्म १९१२ मध्ये माथेरानचाच. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात त्यांना हौतात्म्य आले. मुलांना फक्त इंग्रजी नावांचे पॉइंट दाखवून परत आणू नये, असे वाटते.

अस्सल आळशी :

मॅलेटला वर चढून जाण्याची हौस होती, कारण तेव्हा टॅक्सी नव्हती. माझ्या मते त्याच्या जागी टॅक्सी असती तर तोही दस्तुरीवरच चहा प्यायला थांबला असता.

रुळावरचा :

दस्तुरीपासून बाजारापर्यंत मुख्य रस्त्यापेक्षा छोट्या रेल्वेच्या रुळांच्या कडेने चालणे अधिक सोपे आणि सावलीचे आहे. बरेच जण तसेच जातात. शिवाय परतीला पॅनोरमाच्या बाजूने पेबच्या किल्ल्याकडे उतरून थेट नेरळ गाठता येते, म्हणजे टॅक्सी एकदाच लागेल आणि गोल अधिक मोठा होईल.

कर्जतकर :

बरेच जण जातात, हे खरे आहे; परंतु रुळांवरून चालणे हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे, आणि अमन लॉज ते माथेरान या टप्प्यात दिवसभर शटल गाड्या धावतात. दोन फुटी रुळांवरची गाडी हळू असली तरी वळणे अतिशय तीव्र आहेत आणि झाडीमुळे पलीकडचे दिसत नाही. मुले बरोबर असताना मुख्य रस्ताच बरा. पेबच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत, तेव्हा पुन्हा तोच मुद्दा.

याच रेल्वेविषयी थोडी माहिती देतो. नेरळ ते माथेरान हा २१ किलोमीटरचा मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला, २६ जुलै २००५ च्या पावसात तो उद्ध्वस्त झाला आणि २००७ मध्ये पुन्हा चालू झाला. त्यानंतरही २०१९ च्या पावसाने तो तोडला आणि २०२२ मध्ये गाड्या परत आल्या. चढणीला दोन तासांहून अधिक लागत असल्याने तुमच्या एका दिवसाच्या बेतात ही गाडी बसणार नाही. तिच्यासाठी मुक्कामाची वेगळी सहल काढावी.

स्टुटगार्टवासी :

येथे जर्मनीत श्वार्त्सवाल्डच्या जंगलात चालताना गोल वाटांच्या खुणांची मोठी शिस्त दिसते. स्थानिक वाटांवर शंकरपाळ्याच्या आकाराची पिवळी खूण, विभागीय वाटांवर निळी आणि वेस्टवेग या लांब वाटेवर लाल. १९०० मध्ये आखलेली ही वेस्टवेग फोर्त्सहाइमपासून बाझलपर्यंत सुमारे २८५ किलोमीटर जाते. प्रत्येक फाट्यावर पुढच्या ठिकाणाचे नाव आणि अंतर लिहिलेले असते, त्यामुळे लहान गोल वाटेसाठी नकाशा उघडण्याचीही गरज पडत नाही. माथेरानला अशी सोय आहे का?

कर्जतकर :

फाट्यांवर पॉइंटच्या नावांचे फलक आहेत, पण सर्वच वाचता येण्याजोगे नाहीत, आणि गोल वाट म्हणून वेगळी खूण कोठेही नाही. फाट्यावर शंका आली तर स्थानिक माणसाला विचारणे उत्तम. फक्त घोडेवाल्याला विचारू नये. त्याच्या मते माथेरानातले प्रत्येक ठिकाण चालत जाण्यासाठी फार लांब असते.

ढगाआड :

घोड्यांचा विषय निघालाच आहे तर एक सूचना करतो. लाल मातीच्या वाटेवर मागून टापा ऐकू आल्या की दरीच्या विरुद्ध बाजूला उभे राहावे. घोडा बिचकला तर तो कोठे वळेल ते सांगता येत नाही, आणि माणसाने दरीच्या बाजूला सरकणे केव्हाही वाईट.

गुडघेदुखी :

माझ्यासारख्यांसाठी विचारतो. दस्तुरी ते बाजार या सुमारे तीन किलोमीटरसाठी ई-रिक्षा मिळते, असे ऐकले आहे. आजींना एवढा टप्पा वाचवता आला तर पुढचा गोल त्या सहज करतील, असे मला वाटते. पॉइंटपर्यंत मात्र तिची सोय नसावी.

नकाशेवाला :

बाजारापर्यंतच धरून चालावे, आणि रांग असू शकते हेही गृहीत धरावे. हातरिक्षांवर अवलंबून राहू नये. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये माणसाने ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आहे. शटल गाडीच्या वेळा आदल्या दिवशी पाहून ठेवाव्यात. आजी शटलने बाजारात आल्या आणि बाकीचे चालत आले तर दोन्ही गट साधारण एकाच सुमारास तेथे पोहोचतील.

आता दिशेचे राहिलेले उत्तर. ढगाआड यांचा गर्दीचा मुद्दा आणि पाखरवेडींचा सावलीचा मुद्दा, दोन्ही खरे आहेत, पण माझे कारण निराळे आहे. या गोलात रामबागपासून वन ट्री हिलपर्यंतचा दक्षिणेचा भाग सर्वांत एकाकी आहे. तेथे खाण्यापिण्याची हमी नाही, माणसे कमी आणि बाजार सर्वांत दूर. असा भाग पाय ताजे असताना आणि दिवस हातात असताना पार पाडावा. शार्लोट, एको, लुईझा या बाजूला टपऱ्या आहेत, वाटा रुंद आहेत आणि बाजार जवळ आहे. थकलेल्या माणसांना दुपारी तीन वाजता हेच हवे असते. गर्दी असली तर असू द्यावी. दमलेल्या मुलाला गर्दीत लिंबू सरबत मिळते, निर्जन कड्यावर मिळत नाही. पश्चिमेकडून सुरुवात केली तर हे सगळे उलटे होते आणि दिवसाचा सर्वांत कठीण निर्णय सर्वांत थकलेल्या वेळी घ्यावा लागतो.

ढगाआड :

हे कारण मला पटले. मात्र मग सूर्यास्ताचे काय? माथेरानला जाऊन पश्चिमेच्या कड्यावरून प्रबळगडाच्या मागे उतरणारा सूर्य न पाहता परतायचे, हे मनाला पटत नाही.

नकाशेवाला :

लुईझापासून सूर्यास्तानंतर निघाले तर बाजारात येईतो अंधार होतो, आणि त्यापुढे दस्तुरीपर्यंतचे तीन किलोमीटर उरतात. प्रौढांचा गट असेल आणि प्रत्येकाकडे विजेरी असेल तर काहीच हरकत नाही. मुले असताना मी टाळीन.

चकलीताई :

दोन्ही साधता येईल. चारच्या सुमारास लुईझाला पोहोचून अर्धा-पाऊण तास बसावे, कलता प्रकाश प्रबळच्या पठारावर पडतो तो पाहावा आणि उजेडातच निघावे. मुलांना सूर्यास्तापेक्षा भज्यांमध्ये अधिक रस असतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

खाण्याचा विषय मी काढणारच होते. दुपारचे जेवण बाजारात करायचे म्हटले तर ते सकाळी दहालाच करावे लागेल, कारण त्यानंतर बाजार थेट लुईझा झाल्यावर भेटतो. तेव्हा पोळी-भाजी, दशम्या, उकडलेली अंडी, संत्री असे कोरडे आणि न सांडणारे डबे घ्यावेत आणि चौक पॉइंटच्या अलीकडे सावलीत बसावे. माणशी दोन लिटर पाणी. प्लॅस्टिकची पिशवी हातात धरूच नये. तिचा आवाज झाला की माकडे येतात आणि पिशवीबरोबर चष्माही नेतात. डबे पाठीवरच्या पिशवीत असावेत आणि उघडण्याआधी आजूबाजूला पाहावे.

नवशिका :

हीच वाट जुलैमध्ये केली तर चालेल का? धुके आणि धबधबे पाहण्याची फार इच्छा आहे.

कर्जतकर :

पावसाळ्यातील माथेरान अप्रतिम असते, पण ही पूर्ण गोल वाट तेव्हा करू नये. दगडांवर शेवाळ चढते, दाट धुक्यात कडा कोठे संपतो ते दहा पावलांवरूनही कळत नाही, आणि मुसळधार पावसात माघारीचा रस्ताच बंद पडू शकतो. चौक पॉइंटवरून जो इरशाळगड दिसतो त्याच्या पायथ्याची इरशाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. त्या महिन्यांत बाजार ते शार्लोट एवढेच पुरे. फांद्यांवर हिरवा चापडा हा विषारी साप बसलेला असतो, तो पानांत दिसत नाही. आधारासाठी फांदी धरण्याची सवयही तेव्हा मोडावी लागते.

डिसेंबरातही कड्याच्या टोकावर जाऊ नये, हे जाता जाता सांगतो. माथ्यावर जांभा दगड आहे, तो ठिसूळ असतो आणि त्याची कडा खालून पोखरलेली असली तरी वरून ते दिसत नाही. जेथे कठडा आहे तेथे कठड्याच्या आत आणि जेथे नाही तेथे दोन माणसांच्या लांबीइतके मागे.

चिमणीआजी :

या संकेतस्थळावर मी नेहमी फक्त वाचते, पण आज लिहिणे भाग आहे. धागाकर्ते ज्यांना "सत्तरी ओलांडलेल्या एक आजी" म्हणतात त्या मीच. माझ्या गुडघ्यांविषयी इतक्या आपुलकीने चाललेली चर्चा वाचून भरून आले. तथापि मी रोज सकाळी सहा वाजता तासभर चालते, आणि तेव्हा आमच्या सोसायटीतील एकही चाळिशीतला गृहस्थ मला रस्त्यात दिसत नाही. शटलमध्ये मी एकटी बसणार नाही. ई-रिक्षा कोणासाठी राखून ठेवायची ते सहलीच्या दिवशी रामबागला ठरवू.

रानवाटसरू :

आजी, आपण येथे वाचता हे मला ठाऊक नव्हते. विशेषण मागे घेतो.

अस्सल आळशी :

चाळिशीतल्या गृहस्थांच्या वतीने मी या प्रतिसादाचा निषेध नोंदवतो. बसूनच नोंदवतो.

रानवाटसरू :

सर्वांच्या सूचना घेऊन बेत असा ठरवला आहे. रविवारऐवजी बुधवार धरला आहे; दोन मुलांच्या पालकांनी शाळेची परवानगी काढण्याचे कबूल केले आहे. पहाटेच्या कर्जत लोकलने नेरळ, तेथून टॅक्सी आणि नऊच्या आत दस्तुरी. प्रवासी कर भरून सर्वांनी चालतच बाजारात यायचे. पूर्वेकडून सुरुवात. रामबागला साडेअकराच्या आत पोहोचलो नाही किंवा कोणाचा पाय कुरकुरू लागला तर दक्षिण टोक सोडून रेसकोर्सच्या बाजूने थेट शार्लोट, आणि हा निर्णय मतदानाने न घेता मी एकट्याने घ्यायचा, हे सर्वांकडून आधीच वदवून घेतले आहे. जेवण चौक पॉइंटच्या अलीकडे. चारला लुईझा, पाऊण तास विश्रांती, उजेड असतानाच दस्तुरी. प्रत्येक कुटुंबाकडे एक विजेरी, नकाशा दोन फोनमध्ये उतरवलेला, आणि सर्वांत हळू चालणारा माणूस नेहमी सर्वांत पुढे.

नकाशेवाला :

उत्तम. एवढेच सुचवतो की सर्वांत मागे एक निश्चित माणूस ठेवावा, ज्याने कोणालाही आपल्या मागे राहू द्यायचे नाही. माथेरानात फाटे इतके आहेत की छायाचित्रासाठी मागे थांबलेला माणूस दुसऱ्याच पॉइंटवर पोहोचतो आणि तेथून आनंदाने हात हलवतो. फाटा आला की सर्व जमेपर्यंत थांबावे. अपघात झालाच तर बाजाराच्या बाजूला नगरपरिषदेचे रुग्णालय आहे आणि रुग्णवाहिकेला वाहनबंदीतून सूट आहे. ११२ वर फोन करताना जवळच्या पॉइंटचे नाव सांगावे.

चकलीताई :

इतकी चर्चा झाली आणि बायकांना पडणारा पहिला प्रश्न कोणीही विचारला नाही. स्वच्छतागृहे कोठे आहेत?

कर्जतकर :

चकलीताई, आम्हा सर्वांच्या वतीने दिलगिरी. दस्तुरीला आणि बाजारात सोय आहे. बाजारातून पूर्वेकडे निघाल्यावर शार्लोटच्या बाजूला येईपर्यंत काहीही गृहीत धरू नये, म्हणजे मध्ये किमान तीन-साडेतीन तास जातात. त्यामुळे बाजारात चहाला थांबण्याची वेळ बेतात वीस मिनिटे धरली असेल तर ती चाळीस करावी, कारण पंधरा माणसे आहेत.

रानवाटसरू :

बेत दुरुस्त केला. मग पहाटेची आणखी एक आधीची लोकल पकडावी लागेल. सोसायटीच्या गटावर ही बातमी चिमणीआजींनी द्यावी, अशी विनंती. त्यांना कोणी उलट उत्तर देणार नाही.